टेंभरीच्या पारावरचा निकाल

बोरगाव मेघेच्या दुर्गेश काळबांडेशी वाद घालून कोणी जिंकल्याचं ऐकिवात नव्हतं. भाजीवाला त्याला लांबून बघितलं की आधीच हात जोडायचा. आई म्हणायची, "याले वकील करा बाप्पा, नाई तं हा घरातच कोर्ट भरवन." म्हणून पोराला वर्ध्याच्या एका लॉ कॉलेजात घातलं. पाच वर्षांच्या कोर्सच्या तिसऱ्या वर्षाला पोचेपर्यंत गडी असा तयार झाला, की काळा कोट घालून आरशासमोर उभा राहायचा आणि आरशाचीच उलटतपासणी घ्यायचा.

कॉलेजात थूल मॅडम व्यावसायिक नीतिमत्ता शिकवायच्या. म्हणजे वकिलाने काय करावं आणि काय अजिबात करू नये, हा विषय. दुर्गेशला त्यातले सगळे नियम तोंडपाठ. झोपेतून उठवून विचारा, क्रमांकासकट सांगेल. ते पाळायचेही असतात, हे मात्र त्याला अजून कुठल्या पेपरात आलं नव्हतं.

मार्चअखेर कॉलेजचं कायदेविषयक शिबिर आंजीच्या पुढे, टेकडीला चिकटलेल्या टेंभरी नावाच्या लहानशा गावात गेलं. मॅडमच्या मनात आलं, की गावकऱ्यांना कोर्ट कसं चालतं ते नाटकासारखं करून दाखवावं. पोरांनी वकील व्हायचं, मॅडमनी न्यायाधीश, आणि खटला गावातल्याच जगण्यातून घ्यायचा, फक्त नावं बदलायची. खटला शोधायचं काम दुर्गेशकडे आलं. त्याने ते फार मन लावून केलं, तिथेच घोळ झाला.

टेंभरीत रूपराव निघोट नावाचे एक शेतकरी होते. त्यांनी आदल्या वर्षी टेकडीजवळचं एक वावर विकत घेतलं होतं. त्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक मोहाचं झाड. त्या मोहाची फुलं लीलाबाई उईकेच्या घरचे लोक वेचायचे, सासूच्या सासूपासून. वावराचा जुना मालक कधी हूं की चूं करत नव्हता. रूपरावांनी मात्र नवीन मालकाच्या हौसेनं भोवती तार ठोकली आणि म्हणाले, वावर माझं, झाड माझं. लीलाबाई तारेखालून वाकून जायची आणि वेचायची. रोज सकाळी दोघांची जुंपायची.

हे ऐकून दुर्गेशच्या तोंडाला पाणीच सुटलं. त्याने नावं बदलली. रूपरावांचे केले रामराव, लीलाबाईची केली शीलाबाई. मोह मोहच ठेवला. आता टेंभरीच्या शिवारात धुऱ्यावरचा मोह तेवढा एकच. म्हणजे गुपित किती राहिलं, ते तुम्हीच सांगा!

खटला मारुतीसमोरच्या पारावर भरला. मॅडमनी सुरुवातीला माईकवर स्पष्ट सांगितलं, की हे खरं कोर्ट नाही, केवळ प्रात्यक्षिक आहे. पण ते सांगितलं घड्याळाप्रमाणे, अकरा वाजता. गाव आलं जेवणं आटोपून. तोवर मॅडम खुर्चीत बसून "वादीच्या वकिलांनी सुरुवात करावी" इथवर आल्या होत्या. गावाने बघितलं ते एवढंच, की शहरातून जजबाई आल्या आहेत आणि काळ्या कोटातली पोरं मोहावरून भांडत आहेत. रूपराव आणि लीलाबाई दोघंही पहिल्या रांगेत येऊन बसले.

दुर्गेश रामरावांच्या बाजूने होता. शीलाबाईच्या बाजूने होती स्वीटी, सिंदी रेल्वे गावची. बारीक आवाजाची, पण अभ्यासाला पक्की. येताना बसमध्ये तिने आपलं भाषण दुर्गेशलाच म्हणून दाखवलं होतं. त्यात शेवटी एक मुद्दा होता. एखाद्या गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत असेल, सगळ्यांना ठाऊक असेल, तर कायदाही त्या रूढीला मानतो. नवा मालक आला म्हणून ती मोडत नाही. दुर्गेशने बसमधून उतरेपर्यंत तो मुद्दा मनात उलटसुलट करून बघितला. याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

मग त्याने काय करावं? प्रत्येकाला बोलायला ठरावीक वेळ होता, वेळ संपला की मॅडम घंटी वाजवणार. स्वीटी उभी राहिली आणि दुर्गेशने हरकत घेतली. तिने शीलाबाईचं वय सांगितलं, याची हरकत. मोहाची उंची सांगितली, याची हरकत. "माझ्या विद्वान मैत्रिणीने झाड स्वतः मोजलं आहे काय?" लोक खोखो हसले. दुर्गेशला जोर चढला. स्वीटी गडबडली, पानं खालीवर झाली. "आणि शेवटचं म्हणजे, रूढी..." एवढं ती म्हणाली आणि घंटी वाजली.

मॅडमनी समोर आलेल्या युक्तिवादावरून निकाल दिला. झाड जमिनीसोबत जातं, जमीन रामरावांची, सबब मोह रामरावांचा. टाळ्या पडल्या. स्वीटी पाराच्या मागे जाऊन रडली. आणि दुर्गेशने, जिंकलेल्या माणसाला सुचतो तसा दिलदारपणा सुचून, शिबिराच्या किटलीतला चहा स्वतःच्या हाताने पहिल्या रांगेत वाटला. रूपरावांना एक कप, लीलाबाईला एक कप. दोघांना शेजारी बसवून फोटोही काढला.

टेंभरीत एक जुनी रीत होती, ती या पोरांना कोणी सांगितली नव्हती. पारावर भांडण तुटलं, की दोन्ही बाजूंनी शेजारी बसून एकाच किटलीतला चहा प्यायचा. चहा पोटात गेला की विषय संपला. मग त्या भांडणाचं पुन्हा नाव काढायचं नाही, मग निकाल पटो न पटो. लीलाबाईने कप हातात घेऊन जरा वेळ तसाच धरला होता. मग सगळ्यांकडे बघून एका दमात पिऊन टाकला. दुर्गेशला वाटलं, बाईला चहा आवडला.

पुढच्या आठवड्यात स्वीटीने त्याला मोबाईलवर एक फोटो पाठवला, खाली एक अक्षर न लिहिता. आंजीच्या बस स्टँडवर हा मोठा फ्लेक्स लागला होता. डाव्या बाजूला गॉगल घातलेले रूपराव, उजव्या बाजूला काळ्या कोटातला दुर्गेश, मध्ये मोहाचं झाड. 'मोह प्रकरणी ऐतिहासिक विजय! आमचे विद्वान वकील दुर्गेश काळबांडे साहेब यांचे हार्दिक आभार. शुभेच्छुक : रूपराव निघोट मित्रमंडळ.'

दुर्गेशला आभाळ ठेंगणं झालं. फोटोही बरा आला होता. त्याने तो लगेच स्टेटसला ठेवला, आईला दाखवला, आईने शेजारणीला दाखवला. दुपारी थूल मॅडमचं बोलावणं आलं.

"हे काय आहे?" मॅडमनी मोबाईल पुढे धरला.

"मॅडम, उत्स्फूर्त आहे. मी सांगितलं नव्हतं."

"तू वकील आहेस?"

"नाही मॅडम. अजून दोन वर्षं..."

"आणि असतास, तर वकिलाला स्वतःची जाहिरात करता येते?"

दुर्गेशने नियम क्रमांकासकट सांगितला. सांगता सांगता त्याचाच आवाज खाली आला.

"टेंभरीच्या सरपंचांचा फोन होता," मॅडम म्हणाल्या. "त्या लीलाबाई निकाल लागल्यापासून झाडाकडे फिरकल्या नाहीत. मोह गळतोय, आणि वर्षातून एकदाच गळतो. तीच फुलं वाळवून ती बाई वर्षभर खाते, विकते. आपलं नाटक तिने खरं धरलं." त्यांनी मोबाईल टेबलावर ठेवला. "मला एक सांग. स्वीटीचा मुद्दा तुला आधीच माहीत होता?"

हो म्हणावं तर पंचाईत, नाही म्हणावं तर खोटं. दुर्गेशने छताच्या पंख्याकडे बघितलं.

"बरं," मॅडम म्हणाल्या. "घंटी मी वाजवली, घाई मीही केली, ते मी निस्तरेन. तुझं तू निस्तर. तुझी तोंडी परीक्षा त्यानंतर."

दुर्गेश टेंभरीला गेला. लीलाबाईच्या अंगणातून तो मोह समोर दिसायचा. झाडाखाली फुलांचा पिवळा सडा पडलेला, आणि रूपरावांच्या बकऱ्या त्यात तोंड घालून मजेत चरत होत्या. रूपरावांना मोह जिंकायचा होता, वेचायचा थोडाच होता! लीलाबाई टोपली पालथी घालून त्यावर बसली होती आणि बकऱ्यांकडे बघत होती.

"मावशी, मी माफी मागायला आलो," दुर्गेश म्हणाला.

"माफीची भाजी होते का, बाबू?"

"नाही, म्हणजे... तुम्ही मोह वेचा. ते कोर्ट खोटं होतं. नाटक होतं."

लीलाबाईने त्याला खालून वर न्याहाळला. "थे जजबाई खोटी होती?"

"मॅडम आहेत त्या. शिकवतात."

"तुहा कोट खोटा होता?"

"कोट खरा होता. पण मी वकील नाही."

"अन् चाय? चाय खोटी होती?" आता ती चिडली. "मी सगळ्याइसमोर चाय पेली बाप्पा! गिळून बसली. आता जाऊन वेचू, तं लोक काय म्हनन? उईकेची सून चाय पिऊन पलटली म्हनन! मले नाई जमत. भूक लागली तं पाहून घेईन."

दुर्गेशने वाद घालायचा प्रयत्न केला. कायद्यात चहाला काही अर्थ नाही, असं त्याने तीन तऱ्हांनी समजावून सांगितलं. लीलाबाई शांतपणे तांदूळ निवडायला बसली. आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याने त्याचं पूर्ण ऐकलं, आणि काडीचाही फरक पडला नाही.

मग तो रूपरावांकडे गेला. रूपरावांनी "या वकीलसाहेब!" करून त्याला खाटेवर बसवला, पाणी दिलं, फ्लेक्सला किती लोकांनी हात लावून पाहिलं ते सांगितलं. दुर्गेशने हळूच विषय काढला, की बाईला वेचू द्या ना.

"जिंकलेली केस कोनी वापस करते का?" रूपरावांना खरंच आश्चर्य वाटलं. "तुमीच तं बोलले, झाड जमिनीसंग जाते. काय बोलले होते साहेब! माह्या अंगावर काटा आला होता. मले तं तोवर माहीतच नोतं का मी एवढा बरोबर हाओ."

शेवटी दुर्गेश डोमाजींकडे गेला. डोमाजी म्हणजे गावातलं जुनं माणूस, पारावर कोणाचं काय ठरलं ते त्यांना विचारायचं. त्यांनी सुपारी कातरत कातरत सगळं ऐकून घेतलं.

"चाय पेल्यावर विषय उघडत नाई," ते म्हणाले. "फक्त एकच रस्ता हाये. बोलनाऱ्यानं काई लपवून ठेवलं असन, तं त्यानं त्याच पारावर येऊन आपल्या तोंडानं सांगाव. मंग थे चाय चाय नाई. पन असं माह्या पाहन्यात तं कोनं केलं नाई. कोन सांगन, मी लपवलं म्हनून?"

दुर्गेश बसने परत येताना खिडकीला डोकं टेकवून बसला. आंजीच्या स्टँडवर बस थांबली आणि फ्लेक्सवरचा दुर्गेश त्याच्याकडे बघून हसला. त्याला स्वतःच्या तोंडाचा राग आला, एवढा की त्याने मान फिरवली.

दुर्गेशने मॅडमना चहाची रीत सांगितली, आणि रविवारी पार पुन्हा भरला. थूल मॅडम आल्या, स्वीटी आली. मॅडमनी या वेळी आधी गाव जमू दिलं, लहान पोरंसुद्धा येऊन बसली तेव्हा उठल्या, आणि म्हणाल्या, की मी न्यायाधीश नाही, मास्तरीण आहे, माझ्या निकालाला कागदाचीही किंमत नाही, आणि तुमची चहाची रीत न विचारता आम्ही किटली फिरवली याची मला लाज वाटते. लोकांनी माना डोलावल्या. पण सगळे डोमाजींकडे बघत होते, आणि डोमाजी दुर्गेशकडे.

दुर्गेश साध्या शर्टात उठला.

"कोट कुठी हाये?" डोमाजींनी विचारलं. "त्या दिशी कोट घालून बोलला ना? आजई घाल."

एप्रिलच्या उन्हात त्याने कोट चढवला. दोन मिनिटांत पाठ ओली झाली. त्याने घसा साफ केला. "सन्माननीय ग्रामस्थहो, सत्य ही अशी एक संकल्पना आहे, की जिचे अनेक पैलू..."

"सिधं बोल ना बे," डोमाजी म्हणाले.

पहिल्या रांगेत लीलाबाई पदराने वारा घेत बसली होती, तिच्याकडे बघून बोलणं दुर्गेशला जमेना. तो पाराच्या फरशीकडे बघून बोलला.

"लीलाबाईंच्या बाजूने एक मुद्दा होता. तो मला माहीत होता. त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. म्हणून मी मुद्दाम हरकती घेत राहिलो, स्वीटीचा वेळ संपावा म्हणून. मला फक्त जिंकायचं होतं."

पारावर कोणी हसलं नाही. तो दुर्गेशला सगळ्यात वाईट वाटलेला क्षण होता, कारण हसले असते तर त्याने काहीतरी उत्तर दिलं असतं.

रूपराव ताडकन उठले. "अरे, तू माहा वकील हायेस का तिचा? माह्या पैशानं तुहा फोटो लावला!"

"काका, तसं नाही, कायदा असं म्हणतो की..." दुर्गेशची जीभ सैल सुटलीच.

"दुर्गेश, बस," मॅडम म्हणाल्या. "ज्याच्या बाजूने उभा राहिलास, त्याच्याच विरुद्ध आता बोलता येणार नाही. हाही नियम तुला पाठ आहे. बोलेल ती स्वीटी."

झालं! बोलण्यासाठी जन्माला आलेला माणूस कोट घालून उन्हात बसला आणि त्याला तोंड मिटून ऐकायची शिक्षा झाली. स्वीटी बोलायला लागली. आवाज बारीकच, पण या वेळी कोणी हरकत घेत नव्हतं. दुर्गेशला मधे मधे एक एक सरस वाक्य सुचायचं. तोंड उघडायचा, मॅडमची नजर बघायचा, मिटायचा.

स्वीटीने रूढीचा कायदा साध्या शब्दांत सांगितला. कोर्टात हे शाबीत करायला माणसं लागतात, ती म्हणाली, आणि मग लोकांनाच विचारलं, "हा मोह लीलाबाईंच्या घरचा, असं कोणाकोणाला ठाऊक आहे?"

म्हातारे हात वर झाले. मग बायांचे हात झाले. रूपराव मान वळवून वळवून मोजत होते आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. तेवढ्यात त्यांच्या घरच्या, सुलोचनाबाई, मागच्या रांगेत उठल्या. त्यांचाही हात वर होता.

"तू काऊन उठली?" रूपराव म्हणाले.

"आपल्या घरी मोहाच्या पुऱ्या होतात, दर साली. तुमी आठ-आठ खाता."

"मंग? तू करतेस."

"करनारी मीच, पन मोह कोनाच्या घरून येते?" सुलोचनाबाईंनी लीलाबाईकडे बोट केलं. "मी लग्न होऊन आली तवा इच्या सासूनं पयल्यांदा पदरात घातला. तवापासून येते. औंदा नाई आला. मी तुमाले सांगनार होती, पन तुमी फ्लेक्सवाल्याकडं गेलते."

आता मात्र पार हसला. रूपराव आधी चिडले, मग बायकोकडे बघितलं, मग आपल्या पोटाकडे. "मले सांगाचं ना कोनं," ते पुटपुटले. "मले काय मोहाची पडली होती! माहं एवढंच म्हननं होतं का मले विचाराव." मग ते डोमाजींकडे वळून म्हणाले, "तार मीच काढतो. दुसऱ्यानं नका काढू." आणि खरंच पक्कड आणायला घरी गेले.

गाव उठून मोहाकडे निघालं. दुर्गेश मागून चालत होता. इतके दिवस छातीवर दगड होता, तो उतरल्यासारखं त्याला वाटत होतं, आणि आपलं काहीतरी कौतुक व्हावं असंही वाटत होतं. खोटं कशाला बोला, माणूस एका दिवसात किती बदलणार? रूपरावांनी तार कापली. लीलाबाई आत गेली, झाडाखाली उभी राहिली आणि वर बघायला लागली. खालची फुलं बकऱ्यांनी तुडवलेली, सडलेली. वर फांद्यांवर थोडेच झुबके उरले होते, बाकी नुसती कोवळी पालवी फुटली होती.

"मावशी," दुर्गेश जवळ जाऊन म्हणाला, "आता झालं ना सगळं ठीक? हक्क मिळाला."

"हक्क तं भेटला, बाबू." ती अजून वरच बघत होती. "मोह गेला."

दुर्गेशनेही वर फांद्यांकडे बघितलं.

"ज्यानं आपल्या तोंडानं सांगतलं, त्याले मी काई म्हनत नाई," लीलाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे त्याला जास्तच लागलं. "तू शिक. मोठा वकील हो. पन तुले जे आज माहीत होतं, थे तुले त्याई दिशी माहीत होतं. तवा बोलला असता तं माही कोठी भरली असती. लवकर बोलत जाजो."

एवढं बोलून ती खाली बसली आणि चांगली फुलं निवडून ओटीत टाकायला लागली. स्वीटी तिच्या शेजारी आधीच बसली होती. दुर्गेश तसाच उभा राहिला. त्याला फार लाज वाटली, आणि ती लपवायला जवळ एकही शब्द नव्हता. मग त्याने कोट काढून बाजूला ठेवला, गुडघे टेकले आणि पाचोळ्यातली शाबूत फुलं शोधायला लागला. फार नव्हती.